बँकेला काय दाखवणार?

प्रश्न : ताई, मी नाशिकच्या सिडकोत राहतो. अंबडच्या कंपनीतलं कंत्राट सुटलं, तेव्हा ऑगस्ट 2024 मध्ये 8 लाखांची सीएनजी गाडी कर्जावर घेऊन टॅक्सीच्या ॲपला लावली. 2025-26 मध्ये एकूण भाडं 10 लाख 80 हजार झालं. त्यातलं 6 लाख 80 हजार ऑनलाइन, बाकी रोख. कंपनीने कमिशन कापलं 2 लाख 16 हजार. द्वारकेवर गाडी लावतो तिथे एक जण म्हणतो, 12 लाखांपर्यंत कर नाही, आयकराचं रिटर्नच भरू नको. दुसरा म्हणतो, महिना साडेसात हजार उत्पन्न दाखव आणि मोकळा हो. मला 2027 च्या सिंहस्थाआधी दुसरी गाडी घ्यायची आहे. खर्चाचे आकडे सोबत पाठवतोय. — एक चालक, सिडको

उत्तर : भाऊ, दुसऱ्याचं आधी बाद करू. साडेसात हजारांचा हिशेब आयकर कायद्याच्या कलम 44एई चा, म्हणजे मालवाहू गाड्यांचा. आडगावला टेम्पो लावणाऱ्याला तो चालेल, प्रवासी वाहतुकीला नाही.

पहिला अर्धा बरोबर आहे. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पण उत्पन्न 4 लाखांवर गेलं की कर नसला तरी रिटर्न भरावंच लागतं. शिवाय तुमचे 10 लाख 80 हजार ही उलाढाल आहे, उत्पन्न नव्हे. आणि उलाढाल म्हणजे पूर्ण भाडं. खात्यात जमा झालं तेवढंच धरू नका, कमिशन हा तुमचा खर्च. कंपनी टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आधीच कापून भरलेला कर, तोसुद्धा पूर्ण भाड्यावर 0.1 टक्का कापते, म्हणजे तुमचे साधारण 1,080 रुपये. ते 26एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावाने जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याच्या उताऱ्यात दिसतील. परत हवे असतील तर रिटर्न भरण्यावाचून मार्ग नाही.

आता खरी गोम. कलम 44एडी प्रमाणे ऑनलाइन भाड्यावर 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा धरता येतो. तुमचे होतात 40,800 आणि 32,000, मिळून 72,800. हिशेबाची वही नको, काही नको. कोपऱ्यावरचा फॉर्म भरून देणारा दहा मिनिटांत हेच करून देईल. पण हे टक्के किमान आहेत. जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं, असं कायदाच सांगतो. आणि वर्षाला 72,800 कमावणारा माणूस दुसऱ्या गाडीचा हप्ता कुठून भरणार, हे बँकेतला साहेब पहिल्याच मिनिटाला विचारेल.

तुमच्या आकड्यांवरून मी मांडून पाहिलं. कमिशन 2,16,000, सीएनजी 2,95,000, विमा-टायर-सर्व्हिसिंग 85,000, कर्जाचं व्याज 62,000. हप्त्यातली मुद्दल खर्चात येत नाही, तिच्या जागी घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी गाडीची किंमत येते. भाड्याने चालणाऱ्या गाडीला घसारा 30 टक्के. पहिल्या वर्षी 2,40,000 गेले, गाडीची किंमत उरली 5,60,000, तिच्यावर यंदा 1,68,000. सगळं वजा जाता राहतात 2,54,000. कर इथेही शून्य! वर घसारा म्हणजे खिशातून गेलेला पैसा नव्हे, म्हणून कर्ज देताना बँका तो सहसा परत मिळवून बघतात. म्हणजे 4,22,000. तेव्हा आयटीआर-3, म्हणजे धंद्याचा पूर्ण हिशेब दाखवणारा रिटर्नचा फॉर्म भरा, त्यातच नफा-तोट्याचं पत्रक भरून.

मात्र खर्च कागदावर हवा. एका चालकाने वर्षभराच्या सीएनजीच्या पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जपल्या आणि मे महिन्यात माझ्या टेबलावर ओतल्या. निम्म्या कोऱ्या! उन्हाने छपाई उडाली होती. पंपावरून निघायच्या आधी पावतीचा फोटो काढा. माझे वडील नाशिकरोड स्टेशनबाहेर रिक्षा चालवायचे. रात्री हात धुतले की आधी वही. डावीकडे भाडं, उजवीकडे पेट्रोल, पानापानावर ऑइलचा अंगठा. जेवण त्यानंतर. आईला त्या वहीचा फार राग यायचा.

प्रश्न : ॲप बंद ठेवून मारलेल्या शिर्डी-त्र्यंबकच्या ट्रिपा रोखीत असतात, कुठेच दिसत नाहीत. धरायच्या का? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : धरायच्या. सीएनजी त्याही ट्रिपांना जाळलाय ना? खर्च पूर्ण आणि भाडं अर्धं, हे मीटरचे किलोमीटर बघून शाळकरी पोरगंही ओळखेल.