तिसरा प्रश्न फोडा, आणि फॉर्मवर तारीख टाका

मुलुंडच्या ताई (लिहिण्यावरून वयाने बऱ्याच लहान वाटता, तरी ताईच म्हणतो), तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. ६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनासाठी कॉलेजच्या पंधरा मुलांना घेऊन सोसायट्यांत आणि स्टेशनबाहेर फॉर्म भरून घ्यायचे, युद्ध, संरक्षण खर्च आणि अण्वस्त्रं याबद्दल मुंबईकरांना काय वाटतं ते तक्त्यावर मांडायचं. परवानगी कुठली लागेल आणि प्रश्न बरोबर आहेत का, एवढं तुम्ही विचारलंय. सोबत फॉर्मचा फोटो आहे. त्यातला तिसरा प्रश्न: 'भारताने संरक्षण खर्च कमी करून अण्वस्त्रमुक्तीसाठी पुढाकार घ्यावा असे आपणांस वाटते का? होय / नाही.'

हा प्रश्न मी लिहिलेला आहे हो. २०१९ साली, आमच्या माझगावच्या वाचनालयासाठी, जवळजवळ याच शब्दांत. आणि तुमच्या फॉर्मवर तारखेचा रकाना नाही, तसा आमच्याही नव्हता.

किती फॉर्म, कुठले वयोगट, बायका-पुरुष किती, हे तुमच्या मॅडमनी सांगितलंच असेल, त्यात शिरत नाही. मी काही संख्याशास्त्राचा माणूस नाही, बँकेतला निवृत्त कॅशियर आहे. माझं स्वतःचं मत अण्वस्त्रं नकोत या बाजूचं आहे, तेही आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना ते धरून चाला.

आधी परवानगीचं. आम्हाला स्टेशनबाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकायच्या होत्या. जानेवारीत अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारलं, "विषय?" म्हटलं, "युद्ध आणि शांतता." त्यांनी अर्ज उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. मग म्हणाले, "युद्ध आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. दुसऱ्या मजल्याला आवक क्रमांक हवा होता, तो खालीच मिळणार होता. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर, चौथ्या खेपेला अर्जच सापडेना, "नवीन द्या". एकोणीस दिवस गेले. शेवटी टेबलाचा नाद सोडला आणि चाळींत, इमारतींत घरोघर जायचं ठरवलं. त्यासाठी सेक्रेटरीला चहा पाजण्यापलीकडे काही लागलं नाही. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. तुम्हीही स्टेशनचा हट्ट धरू नका. नाहीतरी ८.५२ पकडणारा माणूस अण्वस्त्रांवर थांबून विचार करत नाही.

तर जानेवारीत व्हायचं काम सुरू झालं ९ फेब्रुवारीला, शनिवारी. चौघं जण होतो. १४ फेब्रुवारीला, गुरुवारी, पुलवामा घडलं. सीआरपीएफचे ४० जवान गेले. २६ तारखेला बालाकोट. आमचं काम मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चाललं होतं. आता लक्षात आलं असेल मी कुठे चाललोय ते.

१० तारखेच्या रविवारी घोडपदेवच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर गेलो होतो. घरधनी जहाजबांधणीत वेल्डर, निवृत्तीला दोनेक वर्षं बाकी. मांडीवर पोह्यांची बशी. त्यांनी तिसरा प्रश्न मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "भाऊ, ह्यात दोन प्रश्न आहेत. खर्च कमी करा म्हणालो तर माझा ओव्हरटाइम जातो. अणुबॉम्ब जाऊ दे की, माझी काय ना नाही. आम्ही पाणबुड्या बांधतो त्या डिझेलवाल्या, त्यात अणू नाही. आता खूण कुठं करू?"

मी काय म्हणालो असेन? "एकूण विचार करून करा." त्यांनी 'होय'वर केली.

माणूस बरोबर बोलत होता. इथे माझगावात बांधलेली 'कलवरी' २०१७च्या डिसेंबरात नौदलात आली, ती डिझेल-इलेक्ट्रिकच. अणुपाणबुड्यांचं काम विशाखापट्टणमला. म्हणजे त्याच्या डोक्यात संरक्षण खर्च आणि अण्वस्त्रं या दोन गोष्टी अगदी वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवलेल्या होत्या. त्या आम्ही एका सुतळीने बांधल्या आणि वर त्यालाच गाठ सोडायला लावली.

पुढच्या रविवारी, १७ तारखेला, त्याच चाळीच्या अंगणातून जाताना त्यांनी गॅलरीतून हाक मारली. "ते माझं उत्तर बदला." मी पिशवीतून त्यांचा फॉर्म शोधून दिला. 'होय' खोडून त्यांनी 'नाही'वर खूण केली, पेन इतकं दाबून की कागद फाटला. मला वाटलं, वा, किती प्रामाणिकपणे काम करतोय आपण, लोकांना मत बदलायची मुभा देतोय.

काय बदललं होतं त्यांचं? खर्चाबद्दलचं मत की बॉम्बबद्दलचं? विचारलं नाही. आणि आठवड्यापूर्वीचं उत्तर मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. नवा फॉर्म द्यायचा, जुना ठेवायचा, दोन्हींवर तारीख घालायची, बस्स. बत्तीस वर्षं बँकेत प्रत्येक व्हाउचरवर तारखेचा शिक्का मारला. शिक्का नसलेला कागद पुढे सरकू दिला नाही, त्यापायी भांडणं केली. आणि इथे तीनशे सेहेचाळीस कागद बिनतारखेचे, एका कापडी पिशवीत कोंबलेले!

मार्चमध्ये वाचनालयाच्या कॅरमच्या टेबलावर मोजायला बसलो. पंधरा मिनिटांत कुणीतरी विचारलं, "यातले गुरुवारच्या आधीचे किती?" सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. मग सुरू झाली हेरगिरी. निळं पेन आधीचं, काळं जेल पेन नंतरचं, असं एकाने ठामपणे सांगितलं, दुसऱ्याने खोडून काढलं. इमारतींच्या क्रमाने लावून पाहिले, पण काही इमारतींत आम्ही दोनदा गेलो होतो. एकच फॉर्म खात्रीने ओळखता आला. त्यावर कुणी बाईंनी बारीक अक्षरात समासात लिहिलं होतं, 'काल चाळीस गेले, आज हे काय विचारता?' तो १५ तारखेचा. बाकी सगळा काला.

आकडेवारी म्हणून त्याला काही अर्थ उरला नव्हता, तरी आमच्यातल्या एकाने एकूण 'नाही' मोजून तक्ता केलाच. तो पाहून एक गृहस्थ म्हणाले, "बघा, लोकांना बॉम्ब हवाय." दुसरे म्हणाले, "नाही, लोकांना खर्च कमी व्हायला नकोय." दोघंही आमच्याच तक्त्याकडे बोट दाखवत होते. तक्ता खाली उतरवला.

या विषयावरच्या मतांना तारीख नसेल तर ती मतं कुठे टांगायची तेच कळत नाही. अमेरिकेतलं उदाहरण घ्या. हिरोशिमा-नागासाकीनंतर लगेच, ऑगस्ट १९४५ मध्ये, गॅलप या संस्थेच्या मतचाचणीत ८५ टक्के लोकांनी बॉम्ब टाकणं योग्य ठरवलं. २०१५ मध्ये प्यू रिसर्च सेंटर या तिथल्याच मतचाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारलं तेव्हा समर्थन ५६ टक्के होतं. २०२५ मध्ये त्यांनीच पुन्हा विचारलं, या वेळी 'सांगता येत नाही' हाही पर्याय ठेवून: समर्थन ३५, विरोध ३१, आणि तिसऱ्या पर्यायावर तब्बल ३३ टक्के. बॉम्ब तोच, शहरं तीच. वर्षं बदलली, आणि फॉर्मवरचा एक चौकोन वाढला. यातलं किती कशामुळे, ते ज्याने त्याने ठरवावं. पण तुमच्या फॉर्मवर तो चौकोन नाही, एवढं मला दिसतंय.

आपल्याकडचं पाहा. १९९४ साली अमेरिकेतल्या क्रॉक इन्स्टिट्यूटने भारतातल्या शिकल्या-सवरल्या, वजनदार अशा जवळपास हजार लोकांना विचारलं होतं. ५७ टक्के म्हणाले, सरकारचं तेव्हाचं धोरण ठीक आहे, म्हणजे पर्याय खुला ठेवा पण बॉम्ब बनवू नका. ३३ टक्क्यांना बॉम्ब हवा होता, ८ टक्क्यांना पूर्ण त्याग. चार वर्षांनी, मे १९९८ मध्ये पोखरणच्या स्फोटांनंतर लगेच सहा मोठ्या शहरांत मतचाचणी झाली, त्यात पाठिंबा ९१ टक्के. दोन्हीकडची माणसं वेगळी, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नका. पण एकीकडे मधली पायरी होती, दुसरीकडे स्फोट आधीच होऊन गेलेले, लोक पेढे वाटत होते. मी स्वतः तेव्हा काउंटरवर पेढा खाल्लाय. कुणी विचारलं असतं तर बहुतेक 'होय'च म्हणालो असतो.

म्हणून तुमची ६ ऑगस्टची तारीख मला घाबरवते. २६ जुलै कारगिल विजय दिवस, १५ ऑगस्ट स्वातंत्र्यदिन, मधल्या वीस दिवसांत तुम्ही दार वाजवणार. खाली मंडपात देशभक्तीची गाणी लागलेली असतात. तेव्हा विचारू नका असं नाही म्हणत, पण निम्मे फॉर्म जूनअखेर किंवा सप्टेंबरात गणपती उठल्यावर भरून घेता आले तर पाहा. आणि मध्ये सीमेवर काही झालं तर काम थांबवू नका. त्या दिवसापासून फॉर्म वेगळ्या रंगाच्या कागदावर छापा. झेरॉक्सवाला पिवळा कागद ठेवतो.

आता तिसरा प्रश्न. तो कमीत कमी तीन तुकड्यांत फोडा. खर्च वाढावा, आहे तसा राहावा की कमी व्हावा, हा एक. भारताने एकट्याने अण्वस्त्रं सोडावीत का, हा दुसरा. सगळ्या अण्वस्त्रधारी देशांनी मिळून ठरलेल्या मुदतीत नष्ट केली तर भारताने सामील व्हावं का, हा तिसरा. दुसरा आणि तिसरा वेगळा ठेवणं फार महत्त्वाचं, कारण आपलं अधिकृत म्हणणं तिसऱ्याच्या बाजूचं आहे, दुसऱ्याच्या नाही. नेहरूंनी १९५४ मध्ये अणुचाचण्या थांबवा म्हटलं, राजीव गांधींनी १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत टप्प्याटप्प्याने निःशस्त्रीकरणाचा आराखडा मांडला, २००३ मध्ये 'प्रथम वापर नाही' हे अधिकृत धोरण झालं. तरी २०१७च्या अण्वस्त्रबंदी करारात भारत नाही, आणि तुमच्याआमच्या शेजाऱ्यांपैकी बहुतेकांना असा करार आहे हेच माहीत नाही. आमच्या फॉर्मवर या दोन वाटा एकच होत्या. खरं कारण सांगू? प्रश्न जोडला की ऐकायला भारदस्त वाटत होता, आणि आम्हाला 'होय' हवं होतं.

शिवाय संरक्षण खर्च आणि अण्वस्त्रं यांची जोडणी मुळातच कच्ची. अण्वस्त्रांवर किती जातात त्याचा वेगळा आकडा अर्थसंकल्पात छापलेला नसतो. 'बॉम्ब असला की फौजेचा खर्च वाचतो' असं पूर्वी ऐकायला मिळायचं. पोखरणनंतर साधारण वर्षभराने कारगिल लढावं लागलं, तेही तोफा आणि पायदळाच्या जोरावर. तेव्हा एक कमी केलं की दुसरं आपोआप कमी होतं, हे गृहीत धरून प्रश्न लिहू नका.

चौथ्या प्रश्नावर थोडं रागावून लिहितो, माफ करा. 'संरक्षणावर ६.८१ लाख कोटी आणि आरोग्यावर फक्त १ लाख कोटी, हे योग्य वाटते का?' आकडे २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पातले, ढोबळ बरोबर आहेत. पण 'फक्त' लिहून तुम्ही उत्तर हातात दिलंत. आणि आरोग्याचा मोठा खर्च राज्यं आणि महापालिका करतात. केईएमचा केसपेपर काही केंद्राच्या पैशातून निघत नाही. उलट ६.८१ लाख कोटींतले सुमारे १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत, ते कुणी सांगत नाही. आमच्या इमारतीतले निवृत्त सुभेदार फॉर्म वाचून म्हणाले होते, "माझी पेन्शन तुमच्या बॉम्बच्या खात्यात टाकलीत काय?" तेव्हा खर्च कमी व्हावा म्हणणाऱ्याला पुढे विचारा: कशातला? पगार-पेन्शन, नवी शस्त्रं, की ठाऊक नाही? मला वाटतं तुमच्या सगळ्या फॉर्ममधलं वाचण्यासारखं तेच निघेल. अर्थात हे माझं मत.

जाता जाता थोडं. फॉर्मच्या माथ्यावर 'हिरोशिमा दिनानिमित्त' आणि होरपळलेल्या मुलाचं चित्र छापलंय ते काढा, चित्रं प्रदर्शनात लावा. नौदल गोदीच्या लायन गेट किंवा अणुशक्तीनगरच्या फाटकाबाहेर मुलांना अण्वस्त्रांचे फॉर्म घेऊन अजिबात उभं करू नका. उत्तर मिळणार नाहीच, वर चौकशी होईल. पाणी यायच्या वेळेला बेल वाजवू नका. गळ्यात ओळखपत्र हवं आणि हातात पावतीपुस्तकासारखं दिसणारं काही नको, वर्गणीवाले समजून दार लावतात. गूगल फॉर्म शाळेच्या ग्रुपवर टाकलात तर तुमच्यासारखीच माणसं उत्तर देतील. आणि सवड झाली तर मुलांना वरळीच्या जपानी बौद्ध मंदिरात घेऊन जा. तिथे ऐकू येणारा ढोल आणि फॉर्मवरचे चौकोन यांचा तसा काही संबंध नाही, पण मुलं शांत होतात.

आमचे ते तीनशे सेहेचाळीस फॉर्म अजून वाचनालयाच्या कपाटात आहेत, फाटलेला धरून. बघायचे असतील तर संध्याकाळी सहानंतर या, सोमवार सोडून. त्याआधी नवा मसुदा इथेच टाका, मी वाचेन. तारखेचा रकाना वर उजवीकडे, नावाच्याही आधी, आणि तो मुलांनी भरायचा, उत्तर देणाऱ्याने नव्हे.