पर्यटकांच्या गर्दीने मुख्य रस्ता तुंबला, तर वस्तीतल्या शांत गल्ल्यांतून गाडी काढावी का?

रस्ता सार्वजनिक असेल आणि प्रवेशबंदीची पाटी नसेल तर काढता येते. पण वेळ वाचेलच असं धरून चालू नका. आतल्या रस्त्यावर गतिरोधक, दुतर्फा लावलेल्या गाड्या, आंधळी वळणं असतात. शिवाय शेवटी परत मुख्य रस्त्यालाच घुसायचं असतं आणि तिथे कोणी लवकर वाट देत नाही. मॅपने दाखवलेली पळवाट त्याच क्षणी इतर शेकडो जणांनाही दिसत असते.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनिया गावाने २०१८ साली अशाच वाहतुकीला वैतागून गर्दीच्या वेळी आपले बरेचसे रस्ते बाहेरच्या गाड्यांना बंद केले होते. (ती गर्दी नोकरदारांची होती, पण त्रास तोच.)

गेलातच तर वेग ३०च्या आत ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला साधारण चौपट अंतर लागतं, आणि तिथे मुलं चेंडूमागे धावत येतात. हॉर्न टाळा, कुणाच्या फाटकासमोर थांबू नका. मोठी गाडी असेल तर आत शिरूच नका.

खरा फरक पडतो तो निघायची वेळ बदलल्याने. सकाळी लवकर निघा.