"घर बघायला येणार, म्हणजे मुलांना घेऊन जाणार का?"

जिल्हा बाल संरक्षण कक्षातून, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयातून, कुणी घरी येणार, असा निरोप मिळाला की पालकांच्या तोंडी पहिला प्रश्न हाच येतो. एक आई हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा आजारपणात गेलेला. दोन घरी स्वयंपाक करून घरी यायला तिला रात्र व्हायची. तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळायची आणि त्यापायी तिची शाळा बुडत होती. कुणीतरी १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवलं होतं.

तिने घर लख्ख केलं होतं, शेजारून गादी उसनी आणली होती. ते ठीकच. पण मुलीकडून उत्तरंही पाठ करून घेतली होती: रोज शाळेत जाते म्हणायचं, आई चारला येते म्हणायचं. मुलीची झोप उडाली होती. आपला एक शब्द चुकला तर भावाला नेतील, हे ओझं त्या पोरीने एकटीने उचललं होतं. मला घरभेटीपेक्षा याचीच जास्त काळजी वाटली.

मी आधी आईला नीट समजावलं की येणारी व्यक्ती निकाल द्यायला येत नाही. ती सामाजिक तपासणी अहवाल लिहिते आणि निर्णय बाल कल्याण समिती, म्हणजे मुलांबाबत निर्णयाचा कायदेशीर अधिकार असलेली समिती, घेते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे ही तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी. मूल शाळेत जातं का, आजारी पडलं तर कोण बघतं, घाबरलं तर कुणाकडे धावतं, नातेवाइकांचा आधार आहे का, कमाई किती, हे सगळं विचारतात. शाळेत आणि शेजारीही चौकशी होते, मुलाशी वेगळं बोलतात. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय असावा, हे त्याच कायद्यात तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे.

"पण ताई, खरं सांगितलं तर माझंच चुकलं असं नाही का होणार?"

नाही. रात्री उशीर होतो हे लपवलं, तर मदत कशाची हवी तेच अहवालात येणार नाही. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा जिवाला धोका असेल तर मुलाला काही काळ दुसरीकडे ठेवतात आणि ठेवायलाच हवं, हेही मी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं. गरिबी आणि एकटेपणा वेगळा.

त्याच संध्याकाळी तिने मुलीला सांगितलं, "जे आहे तेच सांग. काही झालं तरी ती जबाबदारी माझी, तुझी नाही." माझ्या मते सगळ्या तयारीत हीच खरी तयारी. बाकी मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचे कागद एका पिशवीत ठेवले. न समजलेला प्रश्न पुन्हा विचारायचा आणि न वाचता सही करायची नाही, एवढं ठरवलं.

घरभेटीत मुलगी रडली आणि शाळेत जायचंय म्हणाली. आई गप्प बसली, तिने मध्ये तोंड घातलं नाही. मुलं घरीच राहिली. धाकटा अंगणवाडीत जाऊ लागला, मुलीच्या शाळेशी कक्षातूनच बोलणं झालं. एकच पालक असलेल्या मुलांनाही लागू असलेल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दोघांचा अर्ज भरला. त्यात प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, पण ते ठरल्या तारखेला हातात पडतील असं धरून घर चालवू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. तिनेही संध्याकाळचं काम सोडलं नाही. मालकिणीशी बोलून वेळ तेवढी अलीकडे घेतली.