हप्ता कमी, डिडक्टिबल मोठं: एक्कावन्नाव्या वर्षी ब्राँझ प्लॅन घ्यावा का?

प्रश्न: मी ५१ वर्षांची आहे, अमेरिकेत एकटी राहते, ग्रीन कार्ड आहे. लेक नोकरीला लागली, तिचा विमा तिच्या कंपनीकडून आहे. मी नोकरी सोडून स्वतंत्र कन्सल्टिंग सुरू केलंय आणि कंपनीचा आरोग्य विमा या डिसेंबरअखेर, म्हणजे २०२५ सोबत, संपतोय. मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारी विमा-बाजारात, दोन प्लॅन निवडून ठेवलेत. ब्राँझचा हप्ता महिना ६१० डॉलर, डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी मी स्वतः भरायची रक्कम) ७,५००, त्यापुढे निम्मा खर्च माझा, वर्षात माझ्या खिशातून जाणाऱ्या उपचारखर्चाची कमाल मर्यादा १०,०००. गोल्डचा हप्ता ८६० डॉलर, डिडक्टिबल १,५००, त्यापुढे २० टक्के माझे, कमाल मर्यादा ८,०००. माझ्या सीपीएच्या, म्हणजे कर सल्लागाराच्या, अंदाजाने २०२६ चं उत्पन्न ६६,००० डॉलर राहील आणि त्यावर हप्त्यासाठीची सरकारी सवलत शून्य दिसते. बीपी आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, बाकी तब्येत ठणठणीत. बँकेत अडीअडचणीसाठी ११,००० डॉलर आहेत. मी फारशी आजारी पडत नाही, आणि खरंच मोठं काही निघालं तर पुण्याला जाऊन उपचार घेईन, म्हणून ब्राँझ घ्यावा असं वाटतंय. मैत्रीण म्हणते, या वयात असला वेडेपणा करू नकोस. काय करू?

नमस्कार ताई,

ब्राँझ घ्या. मात्र तुम्ही दिलेल्या दोन कारणांपैकी एकही मला पटलेलं नाही. त्याच कारणांवर विसंबून राहिलात तर हा प्लॅन पहिल्या मोठ्या बिलाला अंगावर येईल. म्हणून आधी ती बाजूला करू.

'फारशी आजारी पडत नाही' हे आजवर खरं असेल, पण बीपीची गोळी चालू असलेल्या ५१ वर्षांच्या बाईने ते गृहीत धरून पुढच्या वर्षाचा हिशोब मांडू नये. आणि पुण्याचं म्हणाल, तर हा विचार मी आपल्या लोकांकडून फार वेळा ऐकते. दातांची कामं, मोतीबिंदू, सहा महिने आधी ठरवून करायची शस्त्रक्रिया, इथवर तो चालतो. छातीत दुखू लागलं, अपेंडिक्स फुटलं, बर्फावर घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर अँब्युलन्स तुम्हाला जवळच्या हॉस्पिटलात नेणार; तिथे विमानाचं तिकीट काढायला कुणी थांबत नाही. शिवाय पुण्यात केलेला खर्च इथल्या डिडक्टिबलमध्ये धरला जात नाही. त्यामुळे पुणे हा या विम्याला पर्याय आहे, हे मनातून काढून टाका.

आता आकडे. ब्राँझचा वर्षाचा हप्ता ७,३२० डॉलर, गोल्डचा १०,३२०. फरक बरोबर ३,००० डॉलरचा. वर्षभरात वैद्यकीय बिलं अगदी किरकोळ झाली तर हे तीन हजार जवळजवळ सगळेच्या सगळे तुमच्याकडे राहतात.

उलट टोक बघा. कॅन्सर निघाला, बिलं लाखावर गेली. ब्राँझमध्ये तुमच्या खिशातून हप्ता धरून जास्तीत जास्त १७,३२० जातील. गोल्डमध्ये १८,३२०. म्हणजे सर्वांत वाईट वर्षी ब्राँझच हजार डॉलरने स्वस्त पडतो! मैत्रिणीला ज्या मोठ्या आजाराची धास्ती वाटते, त्या आजारात गोल्ड तुम्हाला काहीही जास्त देत नाही. कमाल मर्यादा ओलांडली की दोन्ही प्लॅन नेटवर्कमधला (विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडचा), प्लॅनमध्ये बसणारा उरलेला सगळा खर्च भरतात.

ब्राँझ मार खातो तो मधल्या पट्ट्यात. तुमच्या दोन प्लॅनचे आकडे शेजारी ठेवून हिशोब केला, तर वर्षाचं बिल साधारण ५,२५० डॉलरच्या वर आणि २९,००० च्या खाली राहिलं की गोल्ड फायद्याचा. पित्ताशयाची शस्त्रक्रिया, गुडघ्याची दुर्बिणीतून केलेली दुरुस्ती, एक-दोन रात्री हॉस्पिटलात राहून झालेल्या तपासण्या हे सहसा याच पट्ट्यात येतं. सगळ्यात जास्त चटका बसतो बिल १२,५०० च्या आसपास असताना: ब्राँझमध्ये तुमचे १०,००० जातात, गोल्डमध्ये ३,७००. हप्त्यात वाचलेले तीन हजार वजा केले तरी ब्राँझ ३,३०० डॉलरने महाग पडला. हे झालं तुमचं जास्तीत जास्त नुकसान, आणि एक धडधाकट वर्ष ते जवळपास भरून काढतं. तुम्ही जोखीम घेताय ती एवढीच आहे. ती आंधळी नाही.

मग अडतं कुठे? रोख पैशावर. बिल डिडक्टिबलमध्ये बसलं की ते सगळं तुम्हालाच भरायचं असतं. (विमा कंपनीने हॉस्पिटलशी ठरवलेला दर मात्र पहिल्या डॉलरपासून लागू होतो, त्यामुळे विमा नसलेल्या माणसापेक्षा तुमचं बिल सहसा बरंच लहान असतं.) तुमच्याकडे ११,००० आहेत, मर्यादा १०,००० ची आहे, म्हणजे भागलं असं वाटेल. पण आता तुमचा पगार दर महिन्याला येणार नाही. एखाद्या क्लायंटने तीन महिने पैसे थकवले तर घरभाडं याच ११,००० मधून जाणार आहे. एकच रक्कम दोन संकटांसाठी मोजून चालणार नाही. आणि आजारपणात कामही बंद पडतं, म्हणजे दोन्ही संकटं बहुतेक हातात हात घालूनच येतील.

इथे एचएसए, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, कामाला येतं, आणि माझा कौल ब्राँझकडे झुकतो तो मुख्यतः याच्यामुळे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे ब्राँझ प्लॅन एचएसएसाठी पात्र ठरवले आहेत. आधी तुमच्यासारख्या १०,००० ची मर्यादा असलेल्या प्लॅनला ते दार बंद होतं. २०२६ साठी एकट्या व्यक्तीला ४,४०० डॉलर भरता येतात, पंचावन्न पूर्ण झाल्यावर आणखी १,०००. ही रक्कम उत्पन्नातून वजा होते, आत वाढते तीही करमुक्त, आणि उपचारावर खर्च केली तर काढतानाही कर नाही. वर्ष संपलं म्हणून ती बुडत नाही. पासष्टीआधी दुसऱ्या कशासाठी काढली तर मात्र कर लागतोच, शिवाय काढलेल्या रकमेवर २० टक्के दंड बसतो. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी या दोन राज्यांत राज्याच्या करात ही सूट मिळत नाही, केंद्राच्या करात मिळते.

आता तुमच्या ६६,००० कडे या. सवलत शून्य का दिसते? २०२१ पासून चालू असलेली वाढीव सवलत २०२५ सोबत संपतेय. २०२६ साठी एकट्या माणसाचं उत्पन्न ६२,६०० डॉलरच्या, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांच्या, वर गेलं की हप्त्यावर काहीच मिळत नाही. तुम्ही या रेषेपासून फक्त ३,४०० डॉलर वर आहात. एचएसएमध्ये ४,४०० भरलेत की सवलतीसाठी मोजलं जाणारं उत्पन्न ६१,६०० होतं. रेषेच्या खाली!

याची किंमत बघा. तुम्ही पाठवलेल्या यादीत तुमच्या भागातला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त सिल्व्हर प्लॅन ८२० डॉलरचा आहे, वर्षाला ९,८४०. सवलत याच प्लॅनवरून ठरते. तुमच्या उत्पन्नगटात २०२६ साठी तुमचा वाटा उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे सुमारे ६,१३५ डॉलर. उरलेले ३,७०० च्या आसपास सरकार भरतं, आणि ते ब्राँझच्या हप्त्यालाही लावता येतात. ब्राँझ आणि गोल्डमधल्या सगळ्या फरकापेक्षा ही रक्कम मोठी आहे.

गोल्ड घेऊनही तुम्ही ही रेषा गाठू शकता, हे लपवून ठेवत नाही. नोकरीतली निवृत्ती योजना आता नसल्यामुळे ट्रॅडिशनल आयआरए या निवृत्ती बचत खात्यात टाकलेले पैसे वजा होतील आणि तुमच्या वयाला २०२६ ची मर्यादा ८,६०० डॉलर आहे. पण आयआरएमधला पैसा निवृत्तीसाठी बांधलेला राहतो. एचएसएमधला पैसा उद्या पाय मोडला तर उद्याच वापरता येतो, आणि तुम्हाला नेमकी तीच कमतरता आहे.

रेषेची धार मात्र तीक्ष्ण आहे. २०२६ च्या करवर्षापासून जास्तीची घेतलेली सवलत परत करण्यावरची कमाल मर्यादा काढून टाकली आहे. डिसेंबरमध्ये एखादं मोठं इन्व्हॉइस वसूल झालं आणि उत्पन्न रेषेच्या वर गेलं, तर वर्षभराची सवलत पूर्ण परत करावी लागेल. म्हणून दरमहा मिळणाऱ्या ३०९ पैकी निम्मीच आगाऊ घ्या, उरलेली रिटर्न भरताना. आणि आयआरए राखीव ठेवा: २०२६ साठीचे पैसे १५ एप्रिल २०२७ पर्यंत भरता येतात, त्यामुळे वर्ष संपल्यावर खरा आकडा बघूनही उत्पन्न खाली ओढता येतं. स्वतःचा व्यवसाय असल्याने तुम्ही भरलेला हप्ताही उत्पन्नातून वजा होतो. त्याचं आणि सवलतीचं गणित एकमेकांत गुंतलेलं असतं, ते सीपीएकडून करून घ्या. त्याने आकडा अजून खालीच येईल.

महिन्याचा हिशोब असा बसतो: ६१० मधून निम्मी सवलत गेली की हप्ता ४५५. एचएसएला ३६७. एकूण ८२२. गोल्डचा आज दिसणारा हप्ता ८६० आहे. म्हणजे गोल्डपेक्षा कमी पैसे बाहेर काढून वर्षाअखेर तुमच्या नावावर ४,४०० डॉलर जमलेले असतील, आणि दुसऱ्या वर्षाअखेर अख्खं डिडक्टिबल भरून उरेल. हे ३६७ डॉलर हप्त्याच्याच दिवशी आपोआप वळते होतील अशी सोय करा. 'उरले की टाकीन' म्हणणाऱ्यांचे सहसा उरत नाहीत, आणि एचएसए रिकामं ठेवून ब्राँझ घेणार असाल तर तुमची मैत्रीण बरोबर आहे. मग गोल्डच घ्या.

आणखी एक काळजी मला आकड्यांइतकीच मोठी वाटते. डिडक्टिबल मोठं असलं की माणूस डॉक्टरकडे जायचं टाळू लागतो. रँड संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या मोठ्या प्रयोगात हेच दिसलं: खिशातून पैसे द्यावे लागले की लोक अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही सोडून देतात. कमी उत्पन्नाच्या, रक्तदाब असलेल्या लोकांचा रक्तदाब मोफत उपचार मिळाल्यावर जास्त आटोक्यात राहिला. तुम्हाला बीपी आहे, ताई. डॉक्टरांच्या फेऱ्या आणि रक्ततपासण्यांसाठी एचएसएमधले काही शे डॉलर वर्षाच्या सुरुवातीलाच मनाने खर्ची टाका आणि त्यावर पुन्हा विचार करू नका. मॅमोग्राम, कोलोनोस्कोपी, लसी या प्रतिबंधक सेवा तर नेटवर्कमध्ये घेतल्या की ब्राँझमध्येही डिडक्टिबल न लागता मोफत आहेत. त्या वेळच्या वेळी करून घ्या. तपासणीत काही सापडून उपचार सुरू झाले की मात्र ते डिडक्टिबलमध्ये येतात.

सही करण्याआधी नेटवर्क तपासा. तुमचे डॉक्टर आणि घराजवळचं हॉस्पिटल ब्राँझच्या यादीत आहेत का, हे प्लॅनच्या नावानिशी फोन करून विचारा. वेबसाइटवरच्या याद्या जुन्या असतात. नेटवर्कबाहेर स्वतःहून केलेल्या खर्चाला ती १०,००० ची मर्यादा लागू होत नाही. इमर्जन्सीत २०२२ पासून कायद्याचं संरक्षण आहे, पण रस्त्यावरून जाणारी अँब्युलन्स त्या कायद्यात येत नाही. दोन्ही गोळ्या औषधांच्या यादीत कुठल्या गटात आहेत तेही बघा. आणि याहूनही स्वस्त म्हणून कुणी शॉर्ट-टर्म (थोड्या काळापुरता) प्लॅन किंवा हेल्थ शेअरिंग (सभासदांनी एकमेकांची बिलं वाटून भरायची योजना) गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. त्यांना आधीपासूनच्या आजाराचा खर्च नाकारता येतो, आणि बीपीची नोंद तुमच्या कागदावर आहे.

एचएसए खातं १ जानेवारीलाच उघडा, शंभर डॉलर टाकून का होईना. खातं उघडण्याआधी झालेला खर्च त्यातून भरता येत नाही. पुण्यात दातांचं काम केलंत तर त्याचे पैसेही यातून देता येतील, पावती जपून ठेवा. १ जानेवारीपासून विमा हवा असेल तर बहुतेक राज्यांत १५ डिसेंबरच्या आत प्लॅन निवडावा लागतो, तेव्हा या आठवड्यातच बसा.

आणि हा निर्णय एका वर्षापुरता आहे. मार्केटप्लेसवरचा विमा आजारपणाच्या कारणाने नाकारता येत नाही, त्यासाठी हप्ताही वाढवता येत नाही. पुढच्या नोव्हेंबरात नोंदणी उघडेल तेव्हा डॉक्टरांनी एखादी शस्त्रक्रिया सुचवलेली असेल आणि तिचा खर्च त्या मधल्या पट्ट्यात बसत असेल, तर २०२७ साठी बेलाशक गोल्ड घ्या. एचएसएमध्ये तेव्हा नवीन पैसे टाकता येणार नाहीत, पण साठलेले ४,४०० तुमचेच राहतील आणि गोल्डचं डिडक्टिबल त्यातून भरता येईल.