पाळीव कासवाला खाण्यासाठी टाकीत कोणत्या जिवंत पाणवनस्पती ठेवाव्यात?

तुमची दोन रेड इअर्ड स्लायडर जातीची कासवं, एक सहा महिन्यांचं आणि एक तीन वर्षांचं. त्यांना टाकीतच चरता येईल असं काहीतरी हिरवं हवंय, आणि दुकानात ‘अ‍ॅक्वेरियम प्लांट’ म्हणून मिळणारं कुठलंही रोप चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. कुठलंही चालणार नाही. पण खरी गडबड जातीपेक्षा जास्त वेळा रोप आलं कुठून आणि धुतलं कसं, इथे होते.

आधी नावं. डोळे झाकून घ्यावीत अशी तीन: डकवीड, अनॅकॅरिस आणि हॉर्नवर्ट. डकवीड म्हणजे पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी पानं. स्लायडर ती तोंड उघडून अक्षरशः गाळून खातात. अनॅकॅरिसचे लांब देठ मऊ असतात, मोठं कासव एका बैठकीत जुडी संपवतं. हॉर्नवर्ट थोडं खरखरीत, म्हणून पोट भरण्यापेक्षा येता-जाता कुरतडायला बरं. मात्र नव्या पाण्यात पडल्यावर ते सुईसारखी पानं ढाळतं आणि फिल्टर तुंबवतं. अ‍ॅझोलाही उत्तम. कडक उन्हात ती लालसर होते, त्याने घाबरू नका, खाण्यात फरक पडत नाही. व्हॅलिस्नेरियाच्या रिबिनीसारख्या पानांनाही हरकत नाही, फक्त लावल्यावर पहिले काही दिवस जुनी पानं विरघळतात आणि त्याआधीच कासवं ती मुळासकट उपटतात.

जलपर्णी आणि पिस्टिया (वॉटर लेट्यूस) मी दुसऱ्या रांगेत ठेवेन. जलपर्णीची लोंबणारी मुळं कासवांना फार आवडतात, पण हीच वनस्पती पाण्यातले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू शोषून मुळांत साठवते. स्वच्छ पाण्यात स्वतः वाढवलेली असेल तरच द्या. पिस्टियात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आठवड्यातून एखादं पान चालतं, रोजचं खाणं म्हणून नको. ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि कवच घडायला लागणारं कॅल्शियम कमी पडतं. टाकीत समुद्रफेसाचा तुकडा सोडून ठेवा, आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा किंवा थेट ऊन हवंच, कारण त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

मनीप्लांट टाकीत मुळं सोडून वाढवायची पद्धत आहे, ती कासवाच्या टाकीत नको. कच्चं अळू तोंडात गेल्यावर घसा जसा खवखवतो, तेच मनीप्लांट, डिफेनबाकिया, सिंगोनियम आणि अग्लोनिमा यांच्या बाबतीत कासवाच्या तोंडात होतं. यातली काही रोपं आणि लकी बांबू (तो खरं तर ड्रॅसीना) पाण्यात बुडवून ‘पाणवनस्पती’ म्हणून विकतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. रोप पाण्याबाहेर उचला. पाण्याखाली वाढलेलं अनॅकॅरिस किंवा व्हॅलिस्नेरिया ओल्या केसांसारखं लोळागोळा होऊन लोंबतं. पान ताठ उभं राहिलं, मेणचट वाटलं आणि पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळले, तर ते बहुधा जमिनीवरचं रोप. अपवाद अनुबियास आणि जावा फर्नचा: दोन्ही ताठ असतात आणि पाण्यात छान जगतात. लाकडाला बांधून शोभेला ठेवायचं तर जावा फर्न घ्या; चिवट आणि कडवट असल्याने कासवं ते सहसा सोडून देतात. अनुबियासही अळूच्याच कुळातलं, त्यामुळे चावाचावी करणाऱ्या कासवासोबत नको.

आता धुणं. दुकानातल्या रोपावर गोगलगायी मारायला मोरचूद किंवा कीटकनाशक मारलेलं असू शकतं. बुंध्याला गुंडाळलेली मऊ धातूची पट्टी, कुंडी, स्पंज आणि खताचे गोल दाणे सगळं काढून फेका. ती पट्टी शिशाची असू शकते. कुजकी पानं खुडा. मग पोटॅशियम परमँगनेट: 1 ग्रॅम पूड 1 लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं 100 मिलिलिटर 10 लिटर साध्या पाण्यात घाला आणि रोप 10 मिनिटं बुडवा. घरच्या काट्यावर 0.1 ग्रॅम मोजता येत नाही, म्हणून हा वळसा. गुलाबी झाक पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुवा. ब्लीचच्या भानगडीत पडू नका, हॉर्नवर्ट आणि अनॅकॅरिस त्यात जळतात.

यानंतर रोप थेट टाकीत टाकायची घाई होते, आणि चूक इथेच होते. वरचं औषध धुतलं जातं, पानात मुरलेलं जात नाही. 3 ते 4 आठवडे वेगळ्या टबात ठेवा, दर आठवड्याला निम्मं पाणी बदला, आणि कासवाला फक्त त्या काळात फुटलेली नवी वाढ द्या. तेवढ्यात पानामागे चिकटलेल्या जेलीसारख्या अंड्यांतून गोगलगायी बाहेर येतात, त्या वेचता येतात. तळ्यातून किंवा ओढ्यातून रोपं आणूच नका. तिथल्या गोगलगायींतून पर्णकृमी (चपटे परजीवी कृमी) येतात, आणि वरून सांडपाण्यात काय काय असतं ते कळत नाही.

हाच टब कायमचा ठेवला तर पुन्हा खरेदीची गरज नाही. 40-50 लिटर पाणी, 20 सेंटीमीटर खोली आणि दिवसाला 8-10 तास प्रकाश डकवीडला पुरतो. 25-30 अंश सेल्सियसला ते दोन-चार दिवसांत दुप्पट होतं. एका वेळी निम्म्याहून जास्त काढू नका. मुळं लांब आणि पानं फिकट झाली की पोषण कमी पडतंय. कासवाच्या टाकीतून काढलेलं जुनं पाणी तिथे घाला. त्या पाण्यात साल्मोनेला (माणसाला जुलाब-ताप आणणारा जिवाणू) असू शकतो, म्हणून टब स्वयंपाकघरापासून लांब ठेवा आणि हात साबणाने धुवा. डासांसाठी वर जाळी. टब असो की टाकी, मोरचूदयुक्त शेवाळनाशक किंवा ‘लिक्विड कार्बन’ (अ‍ॅक्वेरियमच्या रोपांसाठी बाटलीत मिळणारं रसायन) टाकायचं नाही.

तीन वर्षांच्या कासवाचा निम्म्याहून अधिक आहार वनस्पतींचा असावा. पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) एक दिवसाआड, त्याच्या डोक्याएवढ्या ढिगात मावतील इतक्याच, हिरवं रोज. सकाळी आधी हिरवं टाका, पेलेट दोन-तीन तासांनी. उलट केलंत तर ते झाडाकडे बघणारही नाही. अनॅकॅरिस रबरी चकतीच्या क्लिपने पृष्ठभागापाशी अडकवा, हलतं पान दिसलं की चावा घेतात. लहानगं अजून मांसाहारी वयात आहे, त्याने दुर्लक्ष केलं तरी रोज पेलेट द्या आणि डकवीड तरंगत राहू द्या. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. दुसऱ्या दिवशी उरलेले देठ काढून टाका, कुजले की अमोनिया वाढतो.

कासव तोंड उघडं ठेवतंय, पायाने तोंड घासतंय, खाणं सोडलंय असं दिसलं तर झाड बाहेर काढा आणि ते सोबत घेऊनच सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे जा.

टबातलं जास्तीचं डकवीड, अ‍ॅझोला किंवा जलपर्णी गटारात किंवा तळ्यात सोडू नका, तिथे ती आवरत नाही. उन्हात पसरून कुरकुरीत वाळवा, मग कुंडीच्या मातीत मिसळा.