चार तास बसते, तरी गुण तेवढेच

प्रश्न : ताई, मी राज्य मंडळाच्या शाळेत दहावीत आहे. प्रथम सत्रात बीजगणितात 40 पैकी 9 आणि भूमितीत 11 गुण मिळाले. महिनाभर शाळेतल्या समुपदेशक मॅडमकडे जातेय. रडू येणं थांबलं, झोपही लागते. पण परवाच्या चाचणीत पुन्हा तेच. रोज सात ते अकरा बसते, गाईडमधली उदाहरणं दोन-दोनदा उतरवून काढते. बाबा म्हणतात, समुपदेशन बंद कर, तो वेळ अभ्यासाला दे. काय करू?

उत्तर : बंद करू नकोस. तुझा वेळ मॅडमची भेट खात नाही, गाईड उतरवणं खातंय. भीती कमी करणं हे मॅडमचं काम, आणि ते होताना दिसतंय. गणित येण्यासाठी मात्र अभ्यासाची रीतच बदलावी लागेल.

उतरवताना पुढची ओळ डोळ्यांसमोर असते, त्यामुळे काही आठवावंच लागत नाही. वही भरते, येतंय असं वाटतं आणि परीक्षेत हात थांबतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासलं होतं. धडा वाचून पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. बोर्डाचा पेपर काही पाच मिनिटांनी नसतो.

तेव्हा चार तासांऐवजी गणिताला 25 मिनिटांच्या तीन बैठका दे, मधे पाच मिनिटं उठायचं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिली पाच मिनिटं कोऱ्या कागदावर कालची सूत्रं न बघता लिही. मग सोडवलेलं एक उदाहरण वाच, त्यावर वही ठेवून झाक आणि स्वतः सोडव. अडलीस तर एकच ओळ उघड, पुन्हा झाक. लगेच त्याच प्रकारचं दुसरं घे. जमलं की बाजूला तारीख टाक. तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्यानं पुन्हा. चौथ्या दिवशी न बघता सुटलं, तरच 'आलं' म्हणायचं.

चुकांची वेगळी वही कर. त्यात 'सिली मिस्टेक' हा शब्द नको, त्यातून काहीच कळत नाही. समज, 7, 13, 19, 25... या श्रेढीचं 19वं पद काढायचंय आणि तुझं उत्तर 121 आलं. बरोबर उत्तर 115. तू 6 ला 19 नं गुणलंस. पहिलं पद तर हातातच असतं, पुढे 18 उड्याच उरतात. मग वहीत लिही : 'पदसंख्येतून 1 वजा केला नाही.' पंधरा दिवसांनी वही चाळ. वर्गसमीकरणात सारखे अवयवच चुकत असतील, तर दुखणं दहावीचं नाही, आठवीचं आहे. ई-बालभारतीवर आठवीचं पुस्तक फुकट मिळतं. तेवढं एक प्रकरण आधी कर. यात कमीपणा काही नाही, पण बहुतेक मुलं लाजतात आणि वर्षभर तिथेच अडकतात.

गुणांचा हिशेबही बघ. दोन्ही भागांचे लेखी 80 आणि अंतर्गत 20 मिळून 100, त्यात 35 हवेत. म्हणजे गृहपाठाची वही वेळेवर देणं हेसुद्धा गुणच आहेत. 40 च्या पेपरात पहिल्या प्रश्नाला 8 आणि चौकटी भरायच्या कृतींना 7 गुण असतात. आधी हे 15 पक्के कर, मग शेवटच्या अवघड प्रश्नाकडे वळ.

मॅडमकडे जाताना चुकांची वही ने. रोज कधी बसलीस, कधी उठलीस, का उठलीस, हेही एका ओळीत लिहून ने. 'गणित जमत नाही' यावर त्या धीर देतील, दुसरं काय करणार? 'वर्गसमीकरण दिसलं की हात थांबतो' असं सांगितलंस, तर त्या नेमकं काही सुचवू शकतील. पेपरची धास्ती असेल तर आधी घड्याळ लावून 10 गुणांचा पेपर, मग 20 चा, मग दोन तासांत पूर्ण 40 चा, असं दोघी मिळून ठरवा.

रंगीत वेळापत्रक शुक्रवारपर्यंत कोसळतं, कारण त्यात रिकामी जागाच नसते. रविवारची संध्याकाळ राहिलेल्यासाठी मोकळी ठेव. दोन दिवस बुडाले, तर तिसऱ्या दिवशी तिप्पट करायला जाऊ नकोस. त्या दिवशीचंच कर.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. तोंडी सगळं सांगतो, लिहायला बसला की अक्षरं गाळतो, ओळी सुटतात. शाळेच्या समुपदेशकांनी अध्ययन अक्षमतेची तपासणी करायला सांगितलंय. शिक्का बसेल, अशी भीती वाटते.

उत्तर : 'आळशी' हा शिक्का त्याच्यावर बहुधा आधीच बसलाय. तपासणी करून घ्या. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी, असा क्रम असतो. एका फेरीत होत नाही. खासगी अहवालावर बोर्डाच्या सवलती मिळतीलच असं धरू नका. प्रमाणपत्र अधिकृत सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाचं लागतं. ते मिळालं तर परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिकही. दहावीच्या वर्षी धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच नंबर लावा, कारण शाळेला प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवावा लागतो.

तोवर घरी धडा मोठ्यानं वाचून दाखवा, उत्तरं त्याच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करू द्या. लिहायला मात्र दिवसाला पाच ओळीच द्या, एक ओळ सोडून. शुद्धलेखन दहादा लिहायची शिक्षा आजपासून बंद.