बातम्यांमागचा आवाज : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात बीबीसीचे वृत्तनिवेदक रिचर्ड बेकर (१९२५–२०१८) यांचा छोटा परिचय छापला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

टीव्हीवरच्या पहिल्या बातम्या बेकर यांच्या, असे तुम्ही लिहिले. इतर ठिकाणी केनेथ केंडॉल यांचे नाव वाचले. खरे कोणाचे? (सातारा)

दोघांचेही. बीबीसी टेलिव्हिजनचे पहिले दैनंदिन बातमीपत्र ५ जुलै १९५४ रोजी संध्याकाळी साडेसातला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून गेले. वेळ २० मिनिटे. त्याची सुरुवात करून देणारा आवाज बेकर यांचा, पण चेहरा कुणाचाच नाही. पडद्यावर नकाशे, स्थिरचित्रे आणि नंतर फिल्म. व्हिएतनाममधल्या हनोईजवळच्या युद्धबंदीच्या वाटाघाटींची बातमी लोकांनी अशीच पाहिली. निवेदकाची भुवई जरी हलली तरी त्याचे मत कळेल आणि प्रेक्षकाचे लक्ष बातमीवरून उडेल, अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांना धास्ती होती.

ही धास्ती मोडली ती स्पर्धेने. आयटीव्ही ही खासगी वाहिनी २२ सप्टेंबर १९५५ ला सुरू होणार होती आणि तिच्या बातम्या निवेदक कॅमेऱ्यासमोर बसून देणार होते. म्हणून बीबीसीने ४ सप्टेंबरलाच केंडॉल यांना पडद्यावर आणले. पाठोपाठ बेकर आणि रॉबर्ट डूगल दिसू लागले. म्हणजे आवाज आधी बेकर यांचा, चेहरा आधी केंडॉल यांचा.

बेकर पत्रकार नव्हते, मग एवढी वर्षे बातम्या कशा दिल्या? (नाशिक)

त्या काळी ती अटच नव्हती. बातमी लिहायची संपादक मंडळींनी, ती स्पष्ट, अचूक आणि वेळेत पोचवायची निवेदकाने, अशी सरळ वाटणी होती. बेकर हे लंडनच्या विल्सडेनमधल्या गिलावा करणाऱ्या कारागिराचे चिरंजीव. केंब्रिजच्या पीटरहाउसमध्ये शिक्षण, युद्धकाळात नौदलात सेवा, मग थोडी नाटके आणि १९५० मध्ये बीबीसी रेडिओवर निवेदक. टीव्हीच्या बातम्या त्यांनी १९८२ पर्यंत दिल्या.

तोपर्यंत वारे फिरले होते. १९८१ मध्ये रात्री नऊचे बातमीपत्र जॉन हम्फ्रीज आणि जॉन सिम्सन यांच्याकडे गेले. दोघेही परदेशातून वार्तांकन करून आलेले पत्रकार. तिथून ब्रिटनमध्ये बातमी ‘वाचणारा’ मागे पडला आणि बातमी जाणणारा पुढे आला. मुलाखत घेताना, बातमी अंगावर येऊन आदळते तेव्हा, पत्रकार असण्याचा फायदा होतोच. पण नीट वाचण्याची विद्या त्यात पातळ झाली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बातम्या सोडल्यावर त्यांनी काय केले? (मडगाव)

रेडिओ आणि संगीत, आणि हे दोन्ही बातम्यांच्या जोडीने आधीपासूनच चालू होते. बीबीसीच्या ‘रेडिओ ४’ या केंद्रावर सोमवारी सकाळी नऊला लागणारा ‘स्टार्ट द वीक’ हा गप्पांचा कार्यक्रम त्यांनी १९७० पासून १९८७ पर्यंत सांभाळला. प्रॉम्स या वार्षिक संगीतमहोत्सवाचे टीव्हीवरचे निवेदन अनेक वर्षे त्यांच्याकडे होते. ‘फेस द म्युझिक’ या संगीत-प्रश्नमंजूषेत ते पॅनेलवर असत. तिथे जोसेफ कूपर मुक्या पियानोवर बोटे चालवायचे. पट्ट्यांचा नुसता खटखट आवाज, सूर एकही नाही. बोटांची हालचाल आणि लय पाहून रचना ओळखायची. शेवटी प्रेक्षकांना खरे संगीत हळूच ऐकवले जाई.

उतारवयात ते ज्येष्ठांच्या वसाहतीत राहत आणि तिथल्या रहिवाशांना रोज संध्याकाळी सहाला बातम्या वाचून दाखवत.

नातू पत्रकारिता शिकतो. ‘सेकंदाला तीन शब्द’ हा बीबीसीचा हिशेब मराठीला लागू पडतो का? (पुणे)

नाही, आणि इथेच बरीच मुले फसतात. इंग्रजीत तो हिशेब बरोबर उतरतो : १५ सेकंदांची बातमी म्हणजे साधारण ४५ शब्द. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर’ हे दोनच शब्द, पण अक्षरे मोजून पाहा. ४५ मराठी शब्द १५ सेकंदांत कोंबले की शेवटची अक्षरे गिळली जातात, आणि आपल्याकडे अर्थ तर शेवटच्या क्रियापदात असतो. ‘आहे’ की ‘नाही’ हेच ऐकू येत नाही.

नातवाने स्वतःचे माप काढावे. बातमीचा न पाहिलेला मजकूर घ्यावा, घड्याळ लावून एक मिनिट मोठ्याने वाचावा, शब्द मोजावेत. वेगवेगळ्या तीन मजकुरांवर हे करून सरासरी काढावी. एक मजकूर आकड्यांचा हवाच. ‘२,४७५ कोटी’ लिहायला इवलेसे दिसते आणि बोलायला चांगलीच जागा खाते.

कागदाबद्दलही एक सांगतो. पाने टाचू नयेत. सुटी ठेवावीत, एकाच बाजूला छापावीत आणि वाक्य पान ओलांडणार नाही असे पाहावे. वाचून झालेले पान उलटू नये, अलगद बाजूला सरकवावे. उलटलेल्या पानाची सळसळ माइक नेमकी पकडतो. माइकपासून साधारण वीतभर अंतर ठेवावे आणि तोंड किंचित तिरके, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा फटका बसत नाही.

टीव्हीवर प्रॉम्प्टर असताना निवेदकासमोर कागद का असतात? (ठाणे)

प्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहतच मजकूर वाचता यावा यासाठीचे यंत्र, दगा देतो म्हणून. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ४५ अंशांत अर्धपारदर्शक काच असते. खालच्या पडद्यावरची अक्षरे तिच्यात दिसतात आणि कॅमेरा तिच्याआरपार पाहतो. पूर्वी मजकूर कागदाच्या गुंडाळीवर टाइप केलेला असे. मजकूर पुढे सरकवणारा माणूस निवेदकाच्या वेगाने चालतो. घोळ होतो तो निवेदक घाबरून वेग वाढवतो तेव्हा : मजकूर वेगाने सरकतो, ते पाहून निवेदक आणखी पळतो. उपाय एकच, आपण हळू व्हायचे, मजकूर आपोआप हळू होतो. आणि हातातली पाने प्रत्येक बातमीबरोबर बदलत राहायची. प्रॉम्प्टर बंद पडला की नजर थेट योग्य ओळीवर जाते. पाने न हलवता नुसती शोभेला ठेवणारा निवेदक त्या क्षणी चाचपडतो. कॅमेरा जवळ असेल तर ओळी आखूड ठेवाव्यात, नाहीतर डोळे डावीउजवीकडे फिरताना दिसतात.

रेडिओ ४ वर तासाला वाजणारे ‘पिप’ चुकले तर काय होते? (लंडनहून एक मराठी श्रोता)

पिप चुकत नाहीत, निवेदक चुकतो. पिप म्हणजे नेमकी वेळ सांगणारे छोटे ठोके, एकूण सहा. पहिला ठोका तास पुरा व्हायला पाच सेकंद असताना, मग दर सेकंदाला एक. पहिले पाच सेकंदाचा दहावा भाग वाजतात, सहावा अर्धा सेकंद. त्या लांब ठोक्याची सुरुवात म्हणजे नेमका तास. बोलणे त्यांच्यावर चढले तर तिथे ती ढोबळ चूक मानली जाते. म्हणून सराईत निवेदक शेवटचे वाक्य आधी मोजतो : ते आठ सेकंदांचे असेल तर ५९ मिनिटे ४५ सेकंदांना सुरू करतो, दोन सेकंद हाताशी ठेवतो. शिवाय गाळता येतील अशा वाक्यांना आधीच कंस घालून ठेवतो. ऐन वेळी कात्री लावायला गेले की चुकीचे वाक्य जाते.

रेडिओचे निवेदक सूट-टाय घालून बसत, ही दंतकथा ना? (अकोला)

नाही, खरे आहे. जॉन रीथ बीबीसीचे प्रमुख असताना संध्याकाळच्या निवेदकांनी डिनर जॅकेट घालावे असा शिरस्ता होता, ऐकणाऱ्याला ते दिसणार नसले तरी.